वृद्धाश्रमाचा हिशोब : सल्ला नेमका कुणाला?

गेल्या उन्हाळ्यात थोरल्या मामांचा फोन आला. "तू कंप्युटरवाला हायेस, एक हिशोब मांडून दे." आईची मावशी, म्हणजे माझी मावसआजी, न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, ते नीटही झालं. पण आता पुढे काय? आजी राहणार कुठे आणि त्याला पैसे किती लागणार?

आजीचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. थोरले मामा उमरग्याला, धाकटे मामा चाकणच्या एका कंपनीत, मावशी बार्शीला दिलेली. आजी गावात एकटी. नावावर दोन एकर जमीन, भूकंपानंतर मिळालेलं दोन खोल्यांचं घर आणि एक शेळी.

मी रविवारी बसून एक शीट बनवली. तीन पर्याय, तीन रंग. पहिला, गावातच दिवसरात्र एक बाई ठेवायची. दुसरा, तिघांकडे चार-चार महिने पाळीने. तिसरा, वृद्धाश्रम. पाच-सहा ठिकाणी फोन करून आकडे भरले. एका ठिकाणी महिना १८ हजार आणि प्रवेशाच्या वेळी ५० हजार, त्यातले निम्मे परत न मिळणारे. दुसरीकडे कमी पैसे, पण 'पेशंट स्वतःच्या पायाने संडासला गेला पाहिजे' ही अट. डायपर वेगळे, औषधं वेगळी, रात्रीची बाई वेगळी. अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेणार का, या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी दोन सेकंद शांतता आणि मग "तेव्हाचं तेव्हा बघू".

शीट छान झाली होती. दरवर्षी दहा टक्के वाढ धरून पाच वर्षांचा अंदाजही टाकला. फॅमिली ग्रुपवर पाठवली, अंगठे आले. सगळ्यात स्वस्त पर्याय दुसरा होता. पाळीचा. त्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं : शून्य.

त्या शून्यावर पहिल्यांदा बोट ठेवलं ते मामींनी. ग्रुपवर नाही, मला स्वतंत्र फोन करून. मामी अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्या म्हणाल्या, "बाबा, तुझ्या कागदात माझी नोकरी गेलेली दिसत नाही."

खरंच दिसत नव्हती. रात्री दोनदा उठवून बसवणं, अंघोळ घालणं, कूस बदलणं हे सगळं कोण करणार होतं? वृद्धाश्रमाच्या रकान्यात याच कामाला मी १८ हजार किंमत लावली होती. घराच्या रकान्यात तेच काम फुकट. मी कुठलाही आकडा चुकीचा लिहिला नव्हता. फक्त ज्या कामाचं बिल येत नाही ते मोजायचं नाही, हा आपल्या घरांचा जुना नियम मी फॉर्म्युल्यात बसवला होता. गंमत म्हणजे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. कायद्याने तिच्यावर जबाबदारी टाकलेली नाही आणि घराने सगळी तिच्यावरच टाकलेली आहे.

तिथून मला हा प्रश्न सुटेना. मी सल्ला देत होतो, पण कुणाला?

आमच्या धंद्यात हा फरक पहिल्या वर्षीच शिकतात. क्लायंट म्हणजे पैसे देणारा. युजर म्हणजे रोज ते सॉफ्टवेअर वापरणारा. बँकेच्या साहेबांना डेमो आवडतो, आणि उमरग्याच्या शाखेतल्या कॅशिअरला रोज चार क्लिक जास्त कराव्या लागतात. साहेब खूश, त्यामुळे आपलं बिल पास. वृद्धाश्रमाच्या निर्णयात तर माणसं तीन असतात. पैसे देणारा एक, हातपाय चालवणारी दुसरी आणि तिथे जाऊन राहणारी तिसरी. सल्ला मागायला येतो तो बहुतेक वेळा पहिला. माझ्या शीटमधले सगळे रकाने पहिल्याचे होते. दुसरीने फोन करून स्वतःचा रकाना मागून घेतला. तिसरी तेव्हा पलंगावर पडून होती आणि तिच्याकडे स्मार्टफोन नाही.

एका म्हाताऱ्या माणसाला महिन्याला लागतात तरी किती? सरकारकडे याची तीन उत्तरं आहेत. श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढच्या गरीब माणसाला महिना १,५०० रुपये मिळतात, आणि त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. २००७ च्या कायद्याखाली मुलांकडून निर्वाहभत्ता मागितला तर जास्तीत जास्त १० हजार. आणि जीएसटीच्या नियमांत, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या माणसाकडून राहणं-खाणं-देखभाल धरून महिना २५ हजारांपर्यंत शुल्क घेतलं तर कर माफ. दीड हजार, दहा हजार, पंचवीस हजार. गरीब म्हातारीचा खर्च, मुलांनी टाकलेल्या म्हातारीचा खर्च आणि बाजारातल्या म्हातारीचा खर्च. तिन्ही आकडे एकाच देशाने ठरवलेले आहेत.

आजारपणाची गोष्ट थोडी बरी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळू शकतात. म्हणजे हाड बसवायला सोय आहे. हाड बसल्यावर सहा महिने तिला धरून चालवणाऱ्या हाताला मात्र कुठलीच योजना नाही. त्याच २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान दीडशे निराधार वृद्धांसाठीचा वृद्धाश्रम, असं कलम आहे. पण तिथली भाषा सरकार असा आश्रम 'स्थापन करू शकेल' अशी आहे. माझ्या कामात रिक्वायरमेंटमध्ये 'करू शकेल' लिहिलेलं फीचर कधीच बनत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

जपानने २००० साली दीर्घकालीन देखभालीचा विमाच सुरू केला. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने हप्ता भरायचा, आणि गरज लागली की केअर मॅनेजर नावाचा माणूस घरी येऊन काय हवं, किती हवं याचा आराखडा करतो. ऑस्ट्रेलियात केअर होममध्ये जाण्यासाठी मोठी अनामत असते, आणि ती एकरकमी भरायची की रोजच्या भाड्यासारखी द्यायची हे ठरवायला प्रवेशानंतर २८ दिवस मिळतात. हा गुंता सोडवून देणारे सल्लागार फी घेऊन काम करतात. आपल्याकडे हा धंदा अजून नीट उभा राहिलेला नाही. म्हणून तो मामांच्या कंप्युटरवाल्या भाच्याकडे येतो.

धंदा उभा राहिला म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. जपानमधला केअर मॅनेजर अनेकदा सेवा विकणाऱ्या संस्थेशीच जोडलेला असतो. अमेरिकेत घरच्यांना 'मोफत' सल्ला देणाऱ्या एजन्सी आहेत, त्यांना पैसे केअर होमकडून मिळतात. मी चौकशी करत होतो तेव्हा मलाही एक फोन आला. अतिशय गोड माणूस. त्याने आजीचं वय विचारलं, आमचं बजेट विचारलं, आणि दोन मिनिटांत तीन जागा सुचवल्या. मी विचारलं, "तुम्हाला कोण पैसे देतं?" तो म्हणाला, "सर, तुम्हाला काहीच द्यायचं नाही." उत्तर खरं होतं. प्रश्न वेगळा होता.

मी मात्र त्याच्यापेक्षा वेगळा आहे असं मला खात्रीने म्हणता आलं नाही. मलाही मोबदला मिळत होताच. 'पोरगं हुशार आहे' ही मामांची शाबासकी. आणि ती टिकवायची तर त्यांना न आवडणारं काही न बोललेलं बरं.

शेवटी मी गावी गेलो. आजी तोवर घरी आली होती, शेजारच्या बाया आलटून पालटून बघत होत्या. मी विचारलं, "आजी, तुला कुठं राहायचंय?" ती म्हणाली, "मला काय, तुम्ही ठेवाल तिथं."

हे उत्तर आपल्या प्रत्येक घरात मिळतं. आणि ते आपल्याला फार सोयीचं पडतं, कारण ते संमतीसारखं ऐकू येतं. कुणी म्हणेल, यात वाईट काय? तिने आयुष्यभर घराच्या सोयीलाच आपली इच्छा मानलं. 'स्वतःची निवड' ही शहरी पोरांची भाषा तिच्यावर कशाला लादायची? या म्हणण्यात दम आहे. लेकरांची ओढाताण होऊ नये ही तिची खरीखुरी इच्छा आहे, नाटक नाही. पण जिने कधी नकार दिला तर तो ऐकला जाईल अशी शक्यताच पाहिली नाही, तिच्या होकाराला पूर्ण होकार कसं म्हणायचं? मेन्यूकार्डात एकच पदार्थ असताना 'काय घेणार' विचारण्यासारखं आहे ते.

म्हणून मी प्रश्न बदलला. कुठं राहायचं ते सोड, सकाळी उठल्यावर काय पाहिजे? ती लगेच बोलायला लागली. चहा उठल्या उठल्या पाहिजे, आंघोळीच्या आधी. दार उघडं पाहिजे, येणारी-जाणारी माणसं दिसली पाहिजेत. पुरुषाच्या हातून अंग धुऊन घेणार नाही. भाकरी पाहिजे, रोज पोळी नको. आणि मग थांबून म्हणाली, "यकदा हलवलंय मला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती चाळिशीत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं पडली, हजारो माणसं गेली. नंतर पन्नासच्या आसपास गावं नव्या जागी उभी केली. सरळ रुंद रस्ते, रांगेत घरं, नंबर टाकलेले प्लॉट. "नकाशा लई झकास हुता," आजी म्हणाली. "जुन्या गावात वट्यावरून हाक मारली की समोरची यायची. हितं रस्ता वलांडून जावं लागतंय. जातीय कोण?" त्या वेळीही तिच्या भल्याचाच विचार झाला होता. घरं पक्की होती, पुन्हा भूकंप झाला तर टिकतील अशी. हिशोब बरोबर होता. ओट्यावरची हाक कुठल्या रकान्यात बसत नव्हती, एवढंच.

मग तिने मला तो प्रश्न विचारला जो माझ्या शीटमध्ये नव्हता. "तिथं गेले, आन नाही करमलं, तर मागं येता येतंय का?"

आम्ही सॉफ्टवेअर टाकताना पहिली गोष्ट विचारतो ती ही : बिघडलं तर मागे कसं यायचं? मागे येण्याची वाट नसेल तर शुक्रवारी कुणी काही टाकत नाही. आणि इथे, सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईच्या बाबतीत, मी ते विचारलंच नव्हतं. वृद्धाश्रमात गेलेलं माणूस परत येत नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शेळी विकायची, घराला कुलूप लावायचं, भांडी वाटून घ्यायची. ही सगळी कामं 'आवराआवर' म्हणून मामांच्या डोक्यात तयार होती, आणि एकेक काम म्हणजे परतीच्या वाटेवरचा एकेक दगड काढणं होतं.

त्यातला सगळ्यात मोठा दगड जमिनीचा. मामा म्हणत होते, आई तिकडे जाण्याआधी दोन एकर आमच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू, म्हणजे पुढे झंझट नको. महाराष्ट्रात आईने मुलाला शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, नोंदणीचा खर्च वेगळा. दोनशे रुपयांत आयुष्यभराची पत जाते. कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, 'माझी देखभाल करशील' या अटीवर दिलेली मालमत्ता, देखभाल न झाल्यास परत मिळवता येते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसती मायेने दिलेली जमीन या कलमात येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावला आणि तिची मालमत्ता तिला परत दिली. तिथे मुलाने सांभाळण्याचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. म्हणजे दोन्ही निकालांतून घ्यायचा धडा एकच : लिहून घ्या.

मी मामांना म्हणालो, "आत्ता काहीच नावावर करू नका. आणि करायचंच असेल तर अट लिहा." मामांचा चेहरा पडला. "म्हणजे आईसोबत करार करायचा? आम्ही काय परके हाव का?"

मला त्यांचं दुखणं कळलं. मायेच्या नात्यात कागद आणणं म्हणजे अविश्वास, असं आपण मानतो. पण मी विचार केला, कागद नसतो तेव्हा विश्वास कोण कुणावर ठेवतं? ज्याच्या हातात जमीन, पाय आणि फोन आहे त्याला विश्वास ठेवावाच लागत नाही. विश्वासाचं सगळं ओझं अंथरुणावरच्या माणसावर पडतं. अट लिहिली तर ते ओझं थोडं वाटून घेतलं जातं. मामा चांगले आहेत म्हणूनच अट लिहायला त्यांना काही जायचं नाही. आणि मामांच्या पश्चात कोण असेल, हे मामांनाही माहीत नाही.

त्या दिवशी मी मामांचा सल्लागार राहिलो नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं. पुढचे दोन आठवडे त्यांनी फोन उचलला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी वृद्धाश्रमाच्या विरुद्ध नाही. २०२० मध्ये शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेने ठराव केला की जे कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाहीत त्यांचा तीस टक्के पगार कापून आई-वडिलांना द्यायचा. आमच्या ग्रुपवर ती बातमी तेव्हा खूप फिरली, खाली हात जोडल्याचे इमोजी. मलाही ठराव योग्य वाटला, आजही वाटतो. सांभाळ न करणाऱ्याच्या खिशाला हात लागलाच पाहिजे. पण त्यातून आपण एक सोपं समीकरण काढतो : घरात ठेवलं म्हणजे सांभाळलं, आश्रमात ठेवलं म्हणजे टाकलं. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे म्हातारा बाप मागच्या खोलीत आहे आणि दिवसभरात त्याच्याशी फक्त टीव्ही बोलतो. पाळीने आई सांभाळणारी घरंही पाहिली आहेत, जिथे एकतीस तारखेला पिशवी भरून दारात ठेवलेली असते. लोक काय म्हणतील या भीतीने घरी ठेवलेलं माणूस आणि अडचण नको म्हणून आश्रमात ठेवलेलं माणूस, दोघांनाही न विचारताच ठेवलेलं असतं.

तेव्हा सल्ला देणाऱ्याचं काम काय? घर की आश्रम हे सांगणं नव्हे, असं मला आता वाटतं. त्याने तीन गोष्टी बघाव्यात. ज्या कामाचं बिल येत नाही ते हिशोबात आलं का? जाणाऱ्या माणसाला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला गेला का? आणि मागे येण्याची वाट शाबूत आहे का, त्या वाटेचा खर्च कुणी उचललाय का? पैसे कुणीही देवो, ज्याला सर्वांत कमी बोलता येतं त्याची बाजू सल्लागाराने धरायची. पैसे देणाऱ्याची बाजू धरायला तो स्वतः हजर असतोच.

पुढे काय झालं ते सांगतो. मामांचा राग उतरला, मामींनी उतरवला. आजी लातूरच्या बाजूला एका आश्रमात गेली, तीन महिन्यांच्या बोलीवर. जमीन तिच्याच नावावर आहे. घर बंद केलं नाही, शेजारीण रोज दिवा लावते, त्याचे महिन्याला पाचशे आम्ही देतो. शेळीही तिच्याकडेच. घराची किल्ली आजीच्या कनवटीला आहे. शीटमध्ये मी एक नवी ओळ टाकली : 'दर तीन महिन्यांनी आजीला विचारणे.'

दिवाळीला आजी आठ दिवस घरी आली. काठी घेऊन चालत होती. आश्रमातली भाजी अळणी असते म्हणाली, पण औश्याकडची एक बाई मैत्रीण झालीय, तिच्याशी रात्री गप्पा होतात म्हणाली. नवव्या दिवशी सकाळी सगळे एकमेकांकडे बघत होते. मामांना कामावर जायचं होतं, मला पुण्याला निघायचं होतं. तीन महिने होऊन गेले होते. कुणीच काही विचारलं नाही. आजीने आमच्याकडे एकदा बघितलं आणि स्वतःच पिशवी भरायला घेतली.

गाडीत मी स्वतःला सांगत होतो की तिनेच ठरवलं. कदाचित ते खरंही असेल, ती मैत्रीण खरी असेल. पण ती ओळ मीच लिहिली होती, आणि त्या दिवशी ती न वाचणाऱ्यांत मीही होतो. एकदा विचारून काम संपत नाही, हे मला कागदावर कळलं होतं. घड्याळात सात वाजून बस पकडायची असताना ते कळणं वेगळं.

पुढची तारीख संक्रांतीच्या आठवड्यात येते. मी रजा टाकली आहे. यावेळी सगळ्यांसमोर नाही, आश्रमात जाऊन तिला एकटीला विचारणार आहे. ती "न्यायला या" म्हणाली तर कुणाची नोकरी, कुणाची रात्र आणि किती पैसे लागतील, ते या वेळी आधीच लिहून ठेवलंय. त्यातला पहिला महिना माझ्या नावावर आहे.